आतली कडी

करंजाड्याच्या सोनपहाट निवासात काय नव्हतं म्हणता? मार खाऊन, घर सोडून, नाहीतर सरळ हाकलून दिलेल्या बायका इथे येत आणि पुन्हा स्वतःच्या पायावर उभ्या राहत. निदान बाहेरच्या फलकावर तसं लिहिलेलं होतं. दर्शनी भिंतीवर पंख पसरलेली बाई रंगवलेली होती. कॉलेजच्या पोरांनी रंगवलेली, त्यामुळे एक पंख दुसऱ्यापेक्षा मोठा झाला तो झालाच. मंगळवारी समुपदेशन, गुरुवारी ध्यान, शनिवारी स्वसंरक्षणाचं शिबिर. जिन्यात कॅमेरे, खाली शिवा वॉचमन आणि त्याच्या गळ्यात शिट्टी. फक्त खोल्यांच्या दारांना आतून कडी तेवढी नव्हती. आता एवढं सगळं फुकटात मिळत असताना कडी कशाला हवी, हे कुणालाही पटेल. सखूला पटत नव्हतं.

सखू उरणच्या बाजूची, पन्नाशीला आलेली. तिचा नवरा सिताराम कंटेनर यार्डात ट्रेलरवर ड्रायव्हर. दारू प्यायला की मारायचा आणि न प्यायला तरी मारायचा, म्हणजे माणूस नियमित. एकदा मार चुकवायला तिने स्वयंपाकघरात शिरून आतून कडी लावली. दुसऱ्या दिवशी त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, घरातल्या सगळ्या कड्या काढल्या, संडासाचीसुद्धा सोडली नाही, आणि भंगारवाल्याला देऊन टाकल्या. तेव्हापासून सखू झोपत नव्हती, नुसती आडवी होत होती. तिचा जीव सगळा दाराशी.

सोनपहाटला आली तरी तेच. खोलीत तिच्यासोबत अक्षता नावाची पोरगी. ती पनवेलच्या एका हॉस्पिटलात काउंटरवर कामाला, तिची शिफ्ट आज ही तर उद्या ती. त्यामुळे दार कधीही उघडायचं आणि सखू दर वेळी ताडकन उठून बसायची. समोर बिचारी अक्षता, हातात चपला घेऊन, "मावशी, मीच आहे हो, झोपा." झोपा म्हणे. सांगायला काय जातंय.

बरं, रात्रीची राहिलेली झोप दिवसा वसूल व्हायला बघणारच. सखू कोपऱ्यावरच्या खानावळीत तांदळाच्या भाकऱ्या थापायची. हात असा चालायचा की बघत राहावं, पण मध्येच डोळा लागायचा आणि तळवा तव्यावर. दोनदा भाजली. खानावळीच्या विमलबाईंनी सांगून टाकलं, आणखी एकदा असं झालं तर येऊ नको, माझ्या डोक्याला ताप नको. हे काम गेलं असतं तर सखूपुढे उरणची वाट तेवढी उरली असती. माहेरचं कुणी नाही, आणि सोनपहाटमध्ये न कमावणाऱ्या बाईला ठरलेल्या मुदतीपलीकडे ठेवत नसत. पायावर उभं राहायचं म्हणजे कामावर उभं राहायचं, असा तो हिशोब.

तर सखूने आपल्यापुरता मार्ग काढला. बाथरूमला आतून कडी होती. बाथरूममध्ये बाईचं मन स्थिर असतं असं निवास चालवणाऱ्या समितीचं मत असावं. सखू आत जाऊन कडी लावायची, बादली उपडी घालून तिच्यावर बसायची आणि भिंतीला डोकं टेकून घटकाभर मस्त झोपायची. बाहेर सहा बायका टॉवेल खांद्यावर टाकून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. शेवटी तक्रार व्यवस्थापक बाईंकडे गेली.

व्यवस्थापक म्हणजे संघप्रिया. लातूरकडची, समाजकार्य शिकलेली, वयाने सखूच्या लेकीसारखी. मनाने सोन्यासारखी, पण पगार समिती द्यायची.

"मावशी, बाथरूममध्ये झोपता होय?"

"मंग काय करू? मना कडी पायजे, मॅडम. खोलीला. आतून लावाची."

"तसा नियम नाही ना. एखादीने आत कोंडून घेतलं आणि जिवाचं काही बरंवाईट केलं, तर आम्ही काय करायचं?"

"मना मराचाच असता तं उरनला काय कमी सोय व्हती?"

संघप्रियाने विषय समितीपुढे मांडला.

समितीच्या अध्यक्षा अरुणाताई. सानपाड्याच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज असा की समोरचा माणूस आपोआप हाताची घडी घालायचा. कडी या विषयावर समिती दोन बैठका बसली, आणि नुसती बसली नाही, चहा-बिस्किटांसह बसली. एक सभासद म्हणाल्या, दाराला छान पडदा लावू या. दुसऱ्यांनी सुचवलं की झोप येत नसेल तर मोबाइलवर समुद्राच्या लाटांचे आवाज ऐकवावेत. खाडीकाठी जन्मलेल्या, समुद्राचा आवाज ऐकतच मार खाल्लेल्या बाईला समुद्राचा आवाज! पण कळकळ होती हो, कळकळीला नावं ठेवू नयेत. शेवटी अरुणाताई म्हणाल्या, "खरी कडी मनाला असते. ती उघडायला शिकवा तिला." सगळ्यांनी माना डोलावल्या. सखूला ध्यानाचा आणखी एक वार वाढवून मिळाला.

ध्यानात मात्र तिला झोप लागली, तेही घोरत, म्हणून तो वार बंद केला.

एवढ्यात इमारतीचे मालक धर्मराजशेठ मध्ये पडले. शेठ जुन्या गावातले, बापाची भातशेती सिडकोत गेली, तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला, त्यावर ही इमारत उभी राहिली आणि शेठचे शेठ झाले. त्यांच्या आईचं, बायजाबाईंचं, वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. आईच्या नावाने काहीतरी करायचं होतं, पण जास्त नाही. संघप्रियाने बिचारीने धीर करून कडीचं नाव काढलं. शेठ लगेच म्हणाले, "डन. सगल्या खोल्यांना पितली कड्या. माझ्याकडून." आता दाता उभा राहिल्यावर नियमाचं काय घेऊन बसलात? जी कडी दोन बैठकांत धोक्याची होती ती एका फोनवर समाजोपयोगी झाली.

सखूला बातमी कळली तेव्हा ती परातीपुढे बसली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पिठात पडलं, आणि विमलबाई ओरडल्या तरी तिला ऐकू आलं नाही. इतका आनंद तिला लग्नात झाला नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

उद्घाटनाच्या दिवशी जिन्यात झेंडूची तोरणं, गच्चीवर वडे तळायला घेतलेले. सखू कामावरून धावत आली, आपल्या दाराशी गेली आणि बघते तर काय. कडी होती. पितळेची, लखलखीत, शेजारी 'कै. बायजाबाई यांच्या स्मरणार्थ' अशी पाटी. आणि हे सगळं दाराच्या बाहेरच्या अंगाला.

"मॅडम, ही बाहेरून का लावलीय?"

संघप्रियाची मान खाली. "फोटो बाहेर व्हरांड्यात काढायचेत ना मावशी. आतल्या बाजूला लावली तर कडी आणि पाटी फोटोत कशी येणार? अरुणाताई म्हणाल्या, बाहेरच लावा."

सखूने कडी एकदा सरकवून बघितली. बाहेरून कडी! म्हणजे आता तिला कुणीही कोंडू शकेल, एवढीच सुधारणा. सितारामालाही हे सुचलं नव्हतं.

फोटोवाल्याच्या डोक्यात भारी कल्पना आली. अरुणाताईंनी खोलीत उभं राहायचं, म्हणजे आत बाई सुरक्षित. आणि शेठनी बाहेरून कडी लावायची, म्हणजे बाहेर समाज खंबीर. अरुणाताई आत गेल्या. शेठनी फीत कापली, कडी सरकवली, टाळ्या झाल्या. तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, वडे गरम आहेत, आणि खंबीर समाज गच्चीवर पळाला.

सखू खाली व्हरांड्यातच होती, कप गोळा करत. दारावर थाप पडली.

"अहो, झालं का? उघडा आता."

सखू थांबली. खरं ते सांगायला हवं, तिला बरं वाटलं. तिने एक कप उचलला, दुसरा उचलला.

"कोण आहे बाहेर? मी सांगतेय ना, दार उघडा!" मग आवाज चढला, मग फुटला, मग बारीक झाला. "कुणी आहे का? प्लीज उघडा ना. मी... प्लीज उघडा हो."

सखूने कप खाली ठेवले. अशाच आवाजात 'सोडा हो' तिने सितारामाला किती वेळा म्हटलं होतं, त्याला गणती नव्हती. मुख्याध्यापिका असो नाहीतर भाकरीवाली, दारामागे बाईचा आवाज एकच होतो, हे तिला तेव्हा कळलं आणि मघाच्या बरं वाटण्याची लाज वाटली. तिने धावत जाऊन कडी काढली.

अरुणाताई बाहेर आल्या त्या घामाने भिजून. केसातला गजरा कानावर आलेला. सखूने त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं. त्या बराच वेळ सखूचा हात धरून बसल्या आणि मग सोडून दिला, कारण वरून माणसं उतरायला लागली होती.

आठवड्याने सुतार आला. सखूच्या दाराला आतून कडी लावायची, असा ताईंचा निरोप होता, कारण दिलेलं नव्हतं. इतर दारांबद्दल निरोप नव्हता, एकदम सगळ्यांचं भलं केलं तर पुढच्या बैठकीला विषय काय उरणार? पितळेची कडी पाटीसाठी बाहेर राहिली, तिचा दांडा तेवढा कापला. आतली कडी शेठनी उरणच्या आपल्या गोडाऊनमधून पाठवली. गेटाची होती, लोखंडी, मनगटाएवढी जाड. प्लायच्या दाराला ती म्हणजे शेळीला हत्तीचा साखळदंड, पण सखूने ती हाताने चाचपून बघितली आणि सुताराला आपल्या पैशाने वडापाव आणून दिला.

रविवारी अक्षता सकाळीच ड्युटीवर गेली. सखूला सुट्टी होती. तिने कडी लावली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली, आणि खाटेवर पडली.

नाश्त्याला ती आली नाही. जेवणाची घंटा झाली तरी आली नाही. संघप्रियाने दार वाजवलं. मग हाका मारल्या. मग सगळ्या बायकांनी मिळून हाका मारल्या, कुणी रडायला लागली, कुणी देवाचं नाव घ्यायला लागली. संघप्रियाने अरुणाताईंना फोन लावला, तर पलीकडून आवाज, "मी पहिल्या बैठकीपासून हेच सांगत होते." गजऱ्याचा विषय त्या विसरल्या असाव्यात.

शिवा धावत आला. सुतार आला, शेठच्या साइटवरचे दोन गडी पहारीसकट आले. खांद्याने ढकललं, पहार घातली, पुन्हा ढकललं. गेटाची कडी ती, ऐकते का? चौघेही घामाघूम झाले, प्लायच्या चिरफाळ्या निघाल्या, शेवटी चौकटीचं लाकूड फुटलं तेव्हा कुठे दार आत पडलं. धाडकन. अख्खा मजला हादरला.

सखूने डोळे उघडले. गालावर उशीची वळी उमटलेली, तोंडाच्या कडेला लाळ. एवढी माणसं खोलीत बघून ती दचकायला हवी होती, पण अजून झोपेतच होती.

संघप्रिया तिच्या गळ्यात पडली आणि ढसाढसा रडायला लागली. "मावशी, किती हाका मारल्या! जीव गेला आमचा!"

"झोप लागली व्हती गो," सखू म्हणाली. तिला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं.

संघप्रियाच्या हातातल्या फोनमधून अरुणाताई बोलतच होत्या. "बघितलंस ना? आजच्या आज ती कडी काढून टाका. ऐकतेयस ना, संघप्रिया?"

सखू उठून दाराशी गेली. वाकून तिने कडीवरून हात फिरवला. लाकूड फुटलं होतं, कडी होती तशी होती.

"शिवा, कितीक जनांनी तोडलं रे?"

"चार जण होतो मावशी. पहार पण होती. दम निघाला आमचा."

"चार जन. न् पहार."

"हो ना."

सखूने सुताराकडे बघितलं, त्या दोन गड्यांकडे बघितलं. त्यांचे खांदे सोलवटले होते. तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की सोनपहाटमध्ये कुणी ते आजवर बघितलं नव्हतं.

"न् सिताराम तं एकलाच हाय," ती म्हणाली.

संघप्रियाने डोळे पुसले, ताईंचं बोलणं चालू असतानाच फोन बंद केला आणि सुताराला विचारलं, "नवी चौकट किती दिवसांत बसेल?"