एका तिथीची एकेचाळीस लग्नं

आमदार दिनकरराव एका दिवसात जास्तीत जास्त किती लग्नांना पोहोचू शकतात, हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मिळाला. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, साहेबांच्या कार्यालयाला दौऱ्याचं वेळापत्रक बघणारं माणूस हवं होतं आणि उन्हाळ्यातली सगळ्यात दाट तिथी बारा दिवसांवर आली होती. त्या एका तिथीच्या एकेचाळीस पत्रिका टेबलावर पडल्या होत्या.

साहेब पस्तीस वर्षांत सातदा निवडून आले आणि एकदा पडले. पडले तेव्हाही त्यांनी लग्नं सोडली नाहीत. विधानसभेत त्यांनी रस्त्यांवर, कालव्यांवर बरंच बोलून ठेवलंय, मी ते वाचलंय. पण गावात कुणाला विचारलं तर उत्तर एकच, "आमच्या थोरलीच्या लग्नाला आलते."

ड्रायव्हर योगीराजमामांकडे एक वही होती. मागच्या वर्षी साहेब गेलेली दोनशे बारा लग्नं तिच्यात होती आणि प्रत्येकापुढे दोन वेळा लिहिलेल्या होत्या: पत्रिकेतली आणि अक्षता पडल्याची. मी सरासरी काढली. लग्न एक तास चोवीस मिनिटं उशिरा लागत होतं. मग मी एकेचाळीस वेळांमध्ये चौऱ्याऐंशी मिनिटं मिळवली, नकाशा पसरला आणि सगळी लग्नं बसवली. एकही सुटलं नाही. त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही.

त्यातली एक पत्रिका सोनपेठची होती. ती घेऊन सुमनबाई स्वतः आल्या होत्या. साहेबांच्या हातावर अक्षता ठेवून म्हणाल्या, "नातीचं लग्न हाय भाऊजी, राजेश्रीचं. ह्यांनी धाडलेलं न्हाई, मीच आले. यायचं तर टायमावर या."

त्या गेल्यावर साहेबांनी ती पत्रिका बाकीच्यांपासून वेगळी काढून ठेवली. सुमनबाईंचे यजमान बन्सीधर म्हणजे साहेबांचा जुना दोस्त. पहिल्या निवडणुकीत एका जीपवर अठरा दिवसांत एकशेबारा गावं त्यांनीच करवून घेतली होती. पण चौदा वर्षांपूर्वी बन्सीधररावांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाला साहेब दोन तास उशिरा गेले, तेव्हा मांडव सोडणं चालू होतं.

"आमदारासाठी थांबता येत न्हवतं?" साहेब म्हणाले होते.

"तुला टायमावर येता येत न्हवतं?" बन्सीधरराव म्हणाले होते.

तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"पोरी," साहेब मला म्हणाले, "चाळीस चुकले तरी चालतील. हे चुकायचं न्हाई. हे चुकलं तर बन्सी माझ्या मयतीलाबी यायचा न्हाई."

मी सोनपेठपुढे लाल पेनानं चांदणी काढली.

तिथीच्या दिवशी सगळं मिनिटाबरहुकूम चाललं होतं. अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही वालूरला चौथं लग्न उरकलं. मतदारसंघाबाहेरचं, पण साहेबांच्या सासुरवाडीचं. गाडीत बसता बसता साहेबांनी विचारलं, "सोनपेठ किती वाजता धरलंय?"

"दोन पाच. पत्रिकेत बारा एक्केचाळीस आहे, अधिक चौऱ्याऐंशी."

साहेबांनी टोपी काढली. योगीराजमामांनी गाडी सुरू केलीच नाही, मागे वळून माझ्याकडे बघत राहिले.

"ताई, बन्सीकाका काय काम करायचे ठाव हाय का?"

"नाही."

"एसटीत कंट्रोलर होते. बत्तीस वर्षं. सक्काळी पाच पंचेचाळीसची गाडी पाच पंचेचाळीसला काढायचे. त्यांच्या घरचं लग्न बारा एक्केचाळीसलाच लागणार. बेचाळीसला न्हाई."

"पण सरासरी..." मी म्हणाले.

"सरासरीला बसीव मागच्या शिटावर," साहेब ओरडले, "आन योग्या, तू हाण गाडी!"

अंतर साधारण सत्तर किलोमीटर, हातात एक्क्याण्णव मिनिटं. कागदावर हे सहज जमत होतं. पण सेलूत तीन ठिकाणी साहेबांना ओळखून गाडी अडवली, दोन शाली आणि एक नारळ आत आला, आणि पाथरी ओलांडल्यावर एका गावात भर रस्त्यात परण्या आडवा आला. नवरदेव घोड्यावर, पुढे डीजे, मधे दोनशे माणसं नाचायलेली, आणि सगळं मारुतीच्या देवळाकडे गोगलगाईच्या वेगानं सरकत होतं. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

योगीराजमामांनी हॉर्न वाजवला. डीजेपुढे तो कुणाला ऐकू जाणार?

"उतरा," साहेब म्हणाले. "नाचून जाऊ."

मला वाटलं गंमत करतायत. पण पंचाहत्तरीचा माणूस धोतराचा सोगा खोचून गर्दीत शिरला आणि दोन्ही हात वर करून असा नाचला की पोरं किंचाळली, "आमदार! आमदार नाचायलेत!" रस्ता आपोआप दुभंगला. साहेब नाचत पुढे, मी कागदं छातीशी धरून नाचत मागे, आणि आमच्या मागून आमची गाडी, तीही ब्रेकवर झटके देत, जवळजवळ नाचतच. घोड्याजवळ पोहोचल्यावर साहेबांनी नवरदेवाच्या हातात एक शाल दिली.

"तुझं लग्न किती वाजता हाय रे?"

"तुमी आलाव की लावायचं म्हणलेत बाबा!"

"मी आलो! जा, लाव!"

गाडीत बसलो तेव्हा बारा चौदा झाले होते. साहेब धापा टाकत हसत होते. मी मात्र हसायची थांबले होते, कारण त्या पोराचं वाक्य माझ्या डोक्यात अडकलं होतं. तुम्ही आलात की लावायचं. मी वही उघडली. दोनशे बारा लग्नं, आणि त्यातल्या एकूण एक लग्नाला साहेब हजर. साहेब गेलेच नाहीत असं एकही लग्न त्या वहीत नव्हतं. असणार कसं? वही योगीराजमामांची होती, आणि मामा साहेबांसोबतच असायचे.

"साहेब," मी म्हणाले, "लग्नं उशिरा लागत नाहीत. ती तुमच्यासाठी थांबतात. तो एक तास चोवीस मिनिटं उशीर तुमचा आहे."

साहेबांनी माझ्या हातातली वही ओढून घेतली.

"पस्तीस वर्षं," साहेब हळूच म्हणाले, "मला वाटायलं मी टायमावर जायलोय. कुटंबी गेलो की अक्षताच पडायल्या."

योगीराजमामा इतके हसले की गाडी एकदा रस्त्याच्या कडेला जाऊन आली.

सोनपेठच्या मांडवाबाहेर उतरलो तेव्हा बारा एकोणचाळीस झाले होते. सनई नाही, "साहेबांचं आगमन होत आहे" म्हणून पुकारा नाही. माईकवर मंगलाष्टकं चालू होती. लोकांची पाठ आमच्याकडे होती. साहेबांना कुणी खुर्ची दिली नाही, म्हणून ते शेवटच्या रांगेमागे, पाण्याच्या जारपाशी उभे राहिले. कुण्या बाईनं न बघताच त्यांच्या हातावर चिमूटभर अक्षता टेकवल्या. मी घड्याळाकडे बघत होते. बारा एक्केचाळीस, आणि अंतरपाट खाली आला. साहेबांनी अक्षता इतक्या जोरात फेकल्या की त्या पुढच्या माणसाच्या कॉलरीत गेल्या.

स्टेजवरून एक काटक म्हातारा खाली उतरला आणि सरळ आमच्याकडे आला. मनगटावरचं घड्याळ साहेबांच्या नाकासमोर धरलं.

"कितीला आलास?"

"एकोणचाळीसला."

"खरं बोलायलास?"

"बारा एकोणचाळीस आणि वीस सेकंद," मी म्हणाले.

बन्सीधररावांनी माझ्याकडे बघितलं. "ही कोण?"

"माझं टायमाचं बघती."

"हिला सोडू नको," असं म्हणून त्यांनी साहेबांना इतकं घट्ट कवटाळलं की टोपी खाली पडली, आणि ती उचलायला दोघंही वाकले, आणि डोक्यावर डोकं आपटलं. सुमनबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

एवढ्यात माझा फोन वाजला. मग साहेबांचा, मग योगीराजमामांचा. पोहंडूळ, शेळगाव, डिघोळ. "साहेब कुटपर्यंत आलेत? नवरी हुबी हाय!" यादीतली दुपारची आणखी एकोणीस लग्नं होती, त्यातले बहुतेक मांडव अक्षता हातात धरून ताटकळले होते, आणि माझं वेळापत्रक वालूरलाच मेलं होतं.

"सांग लावा म्हणून," बन्सीधरराव म्हणाले.

साहेब हातातल्या टोपीची धूळ झटकत राहिले. पस्तीस वर्षांचं राजकारण त्या थांबणाऱ्या मांडवांवर उभं होतं. त्यांच्यावाचून लग्नं लागतात हे एकदा लोकांना कळलं की मग?

"दिनकर," बन्सीधरराव म्हणाले, "उन्हात उभी हायती पोरं."

साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "ऐका. मी येत न्हाई. वाट बघू नका. लावा लग्न! फोन माईकपाशी धरा, मी हितून अक्षता टाकतो."

मग जे झालं ते मी कुठल्याही वहीत कसं नोंदवू? एका स्टुलावर तीन फोन मांडले, तिन्हींचा स्पीकर चालू. सुमनबाईंनी उरलेल्या अक्षतांचं ताट आणलं. तीन गावांची मंगलाष्टकं एकमेकांत मिसळून वाजायला लागली, आणि प्रत्येक "सावधान"ला साहेब, बन्सीधरराव, पाहुणे, खुद्द राजेश्री आणि तिचा नवरा, सगळे स्टुलावर अक्षता उधळत होते. फोन तांदळात बुडाले. बन्सीधरराव घड्याळ बघून पुकारत होते, "शेळगाव, एक वाजून चार मिनिटं, लागलं! डिघोळ, एक सहा!" ताडकळसला मी स्वतः फोन लावला, तिथं माझ्या मामेभावाचं लग्न होतं. माझे मामा म्हणाले, "आमचं कवाच झालं गं संघप्रिया. भंतेजींना म्होरं जायचं होतं, आमी फुलं टाकून मोकळे." एका नवरीनं फोन हातात घेऊन साहेबांना झापलं, "येणार न्हवताव तर सकाळीच सांगायचं ना! निम्मा मेकप गळाला माझा!"

"चुकलं माय," साहेब म्हणाले.

पावणेदोनपर्यंत एकोणीसही लग्नं लागली. कुणीच रुसलं नव्हतं. उलट, पंगती वेळेवर बसल्या म्हणून तीन गावांतून आभाराचे निरोप आले.

"आता पुढचं कुटं?" साहेबांनी सवयीनं विचारलं.

मी कागद बघितला. "गोरज मुहूर्ताची सतरा आहेत. साडेसहापर्यंत कुठंच नाही."

कुठंच नाही, हे त्यांना समजायला थोडा वेळ लागला. ते दारातल्या गाडीकडे बघत राहिले. मग बन्सीधररावांनी त्यांचा दंड धरला आणि पंगतीत आपल्या शेजारी, पहिल्या पाटावर बसवलं.

"जेव निवांत," ते म्हणाले. "आन जेवल्यावर राजेश्रीला नीट आशीर्वाद दे. मगाशी नुसता धापा टाकायलास."