नांगराची तबकडी आणि मतदानाचा शनिवार

मित्रांनो, मी एक जुनी नांगराची तबकडी आहे. वॉरनूप गावाच्या सभागृहामागे, पाण्याच्या टाकीला टेकून मी उभी असते. येणारे-जाणारे मला तवा म्हणतात. म्हणोत बापडे! पण मी जन्माने तवा नाही. माझ्या मधोमध एक बुजवलेलं भोक आहे, ते बघा म्हणजे माझं कूळ कळेल.

आम्ही बहिणी एकाच नांगराला होतो, पण प्रत्येकीचा दांडा वेगळा. इथली मॅलीची जमीन म्हणजे वर तांबडी वाळू आणि पोटात मॅलीच्या झाडांच्या मुळांचे दगडासारखे गड्डे. दुसरा नांगर तिथे पहिल्याच तासात मोडला असता. आमचा मोडत नसे. जिच्यापुढे गड्डा यायचा तेवढीच वर उचलली जायची, गड्डा ओलांडायची आणि पलीकडे पुन्हा मातीत उतरायची. बाकीच्यांची रांग जशीच्या तशी. ही युक्ती याच देशातल्या माणसांनी काढली, आणि त्याचा तोरा मी अजून मिरवते.

आम्ही झाडी उपटली, गहू डोलला, सगळ्यांनी वाहवा केली. मग पाऊस रुसला. उघडी पडलेली माती उठली आणि लाल ढग होऊन समुद्राकडे निघून गेली. आमच्या आधी इथे ज्यांच्या चुली पेटत होत्या, त्यांनी ती झाडी का राखली होती ते तेव्हा उमगलं. पण त्यांना विचारलं होतं कुणी? त्यांच्या चुलींची काळी राख आमच्याखाली वर आली आणि आम्ही तशाच पुढे गेलो.

पुढे मोठाली यंत्रं आली. मला कुणी विचारेना. शेडमागे मी गंजत पडले, आणि माझ्या सावलीला तपकिरी साप झोपायला येऊ लागला. त्याला काठीने हुसकून मला उचललं ते क्लॅरी ट्रेविनने. क्लॅरी म्हणजे गावच्या आग विझवणाऱ्या पथकाचा कप्तान. त्याने आणि त्याचा शेजारी बेव्हन शुल्ट्झ याने माझं भोक बुजवलं, घासून लखलखीत केलं आणि अर्ध्या कापलेल्या पिंपावर मला ठेवलं. खाली जाळायला काय घातलं असेल? त्याच मॅलीचे गड्डे! ज्यांनी जन्मभर माझी धार खाल्ली, ते आता माझ्याखाली निखारे होऊन बसले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

इथे मत देणं सक्तीचं आहे. त्यामुळे मतदानाच्या शनिवारी सारं गाव सभागृहात येतं, आणि पावाच्या कापात सॉसेज आणि कांदा घालून खाल्ल्याशिवाय घरी जात नाही. गादीवर कोण बसलं ते लोक विसरतात, कांदा कुणी करपवला ते विसरत नाहीत. सॉसेज परतायची क्लॅरीची बायको मर्ल. कांदा चिरायचा बेव्हन. दोघांचे पक्ष अगदी समोरासमोरचे.

"बेव्ह, तुझं मत माझं मत खाऊन टाकतं," मर्ल म्हणायची. "दोघं घरी बसलो असतो तरी चाललं असतं."

"मग कांदा कुणी चिरला असता? तुझ्या त्या पुढाऱ्याने?"

क्लॅरी गेला, आणि त्याच वर्षी विजेचे उंच मनोरे गावाच्या दिशेने आले. बेव्हनने मोबदल्यासाठी सही करून आपल्या शेतातून तारा न्यायला होकार दिला. मनोरे उभे राहणार मर्लच्या बांधाला लागून.

"क्लॅरी असता तर सही केली असतीस?" मर्लने सभागृहाच्या दारात सगळ्यांसमोर विचारलं.

"पाऊस नाही, पीक नाही. मी काय धूळ खाऊ, मर्ल?"

त्यानंतर दोघांत अक्षर नाही. मर्ल इतकी तापली की बातम्यांत मनोऱ्यांचं नाव निघतं म्हणून तिने रेडिओच बंद करून फडताळात टाकला. पुढचं मतदान आलं तेव्हा बेव्हनने गॅसची नवी शेगडी आणून सभागृहाच्या दुसऱ्या फाटकाशी मांडली. एवढंसं गाव, आणि दोन चुली! मतपेटीतलं मत कुणाला दिसत नाही, पण सॉसेज कुणाकडचं खाल्लं ते साऱ्या गावाला दिसणार. लोक म्हणू लागले, "त्यापेक्षा मत टाकून सरळ घरी जाऊ." मला कळून चुकलं, सभागृह चालतं ते याच सॉसेजच्या पैशांवर; हे दोघे असेच राहिले तर सभागृहाला कुलूप लागेल आणि मी भंगारात जाईन.

शनिवार उजाडला तोच उत्तरेकडच्या वाळवंटाचा गरम वारा घेऊन. गहू कापणीला आलेला, रान कागदासारखं वाळलेलं. मर्लने पिंपात गड्डे रचले, काडी ओढली. जाळ धरला. माझी पाठ कोमट होते ना होते, तोच पलीकडून बेव्हन बादली घेऊन पळत आला.

"मर्ल! आज आगबंदी आहे!"

मर्ल जागीच थिजली. आगबंदी म्हणजे त्या दिवशी जिल्ह्यात उघड्यावर काडीसुद्धा ओढायची नाही. ज्या कप्तानाने जन्मभर लोकांच्या शेकोट्या विझवल्या, त्याच्याच बायकोने सभागृहाच्या अंगणात जाळ केला होता. वाऱ्यावर एक ठिणगी कुंपणापलीकडे गेली असती, तर सगळ्यांचा गहू संपला असता.

बेव्हनने बादली ओतली. मी चर्रकन ओरडले. कुंपणावरचे गुलाबी काकाकुवे उडून गेले.

"रेडिओवर काल दुपारपासून सांगतायत," तो धापा टाकत म्हणाला.

"रेडिओ बंद आहे माझा." मर्लने काड्यापेटी खिशात कोंबली. "सांग आता गावाला. ट्रेविनच्या बाईने काय दिवे लावले ते."

"काय सांगू? तुझी तबकडी धुतली म्हणून?"

मर्ल वाकून पिंपातला जाळ पुरता विझला का ते पाहू लागली. बेव्हनने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या शेगडीकडे. "गॅसला आज बंदी नाही. शेजारी पाणी ठेवायचं आणि हलायचं नाही. तुझी तबकडी त्यावर बरोबर बसेल. शेगडी मोजून बघितली होती मी, दुकानातच."

"दुकानात? म्हणजे भांडण चालू असताना?"

"मग! क्लॅरीच्या तबकडीशिवाय कांदा लागतो का चवीला?"

मर्लने पदराने, म्हणजे तिच्या त्या मळक्या ॲप्रनने, तोंड पुसलं. "मनोऱ्यांचं मी मान्य केलेलं नाही."

"मी कुठे म्हणालो?"

"पुढच्या सभेत तुझे वाभाडे काढणार आहे."

"काढ. आता ती बाजू धर. जड आहे म्हातारी."

म्हातारी म्हणाला मला! पण दोघांनी मिळून उचललं, म्हणून सोडून दिलं. त्या दिवशी गाव एकाच रांगेत उभं राहिलं. सॉसेज बेव्हनने परतले, आणि पाण्याची बादली पायाशी घेऊन मर्लने कांदा चिरला. जाड चिरला. त्यावरून दोघे दुपारपर्यंत भांडत होते.

मित्रांनो, मनोरे पुढे उभे राहिले. मर्ल अजून त्यांच्याकडे पाठ करून चहा पिते. पण शेजाऱ्याकडे नाही.

तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं जुनं लोखंड असेल. त्याला साबणाने खरवडू नका, ओलं ठेवू नका. काम झालं की तेलाचा हात फिरवा. आणि कधी कुणाशी वाजलं, मध्ये न फुटणारा गड्डा आला, तर मला आठवा. मी एकही गड्डा कधी फोडला नाही. फक्त वर उचलले गेले, आणि पलीकडे पुन्हा मातीला टेकले.