टाकीचं झाकण

तान्हा नुकता कुठे तिच्या खांद्यावर डोळे मिटत होता, तेवढ्यात इमारतीच्या अध्यक्षकाकांनी तिच्या दारावर लाल खडूने फुली मारली.

"बाळाच्या टबात पाणी साठवता. मग घरात डेंग्यू काय आभाळातून पडला?"

"टब चार दिवस उपडा आहे, काका! मोठी दवाखान्यात आहे, तिच्या पेशी सकाळी आणखी उतरल्यात. हे तिच्या उशाशी, मी याला घेऊन घरात. आता याला डास चावला तर मी कुणाकडे बघू?"

"आम्ही रविवार मोडून दारोदार डास शोधतो ते उगाच?"

"गच्चीवर शोधलेत?"

काकांनी वही दाखवली. "तपासली, ठीक," असं लिहिलेलं होतं. काकांचे गुडघे दुखत, म्हणून डासमोहीम तिसऱ्या मजल्यावरच संपायची, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

ती तान्ह्याला छातीशी धरून तरातरा वर गेली. सगळ्या घरांना पाणी देणारी काळी टाकी आ वासून उघडी होती. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. नुसत्या बुचबुचत होत्या मेल्या! झाकणाचा मात्र पत्ता नव्हता.

शोधत खाली फाटकाशी आल्यावर तो लागला. महिन्यापूर्वी तिथे टांगलेला गोल, काळा, सुबक फलक तिने कितीदा कौतुकाने वाचला होता: 'पाणी झाकून ठेवा, डास पळवा.'

"हे टाकीचं झाकण आहे!"

मागोमाग आलेले काका चाचरले. "दोनच दिवसांसाठी काढलं होतं. स्वच्छ इमारतीच्या बक्षिसाचे परीक्षक येणार होते ना... मग राहूनच गेलं."

"राहून गेलं?" तिचा आवाज चिरकला. "माझी पोर सुया खातेय तिकडे!"

तिने तान्ह्याला त्यांच्या हातात कोंबलं. "धरा. मान सांभाळा." मग दोन्ही हातांनी फलक उतरवला.

"अहो, परीक्षक पुन्हा आले तर काय बघतील?"

"माझं दार बघतील. फुली आहेच की त्यावर!"

झाकण काखोटीला मारून ती पुन्हा गच्चीवर चढली आणि टाकीच्या तळाचा कॉक पूर्ण उघडला. पाणी धो धो पन्हळीतून सुटलं. थोड्याच वेळात मजल्यामजल्यावरून ओरडा उठला, "पाणी गेलं! अहो काका, पाणी गेलं!"

खालून तान्ह्याचं भोकाड ऐकू येत होतं. तिचा जीव तुटत होता. तरी ती हलली नाही. तळ दिसेपर्यंत उभी राहिली, मग अक्षरं वर ठेवून झाकण करकचून आवळलं.