मुक्यांची भाषा

न्येमेत्स. रशियन नाम. अर्थ : जर्मन माणूस.

तारनाक्याच्या रशियन वर्गात हणमंतराव दरवर्षी पहिल्या दिवशी हाच शब्द फळ्यावर लिहीत. मग नियम सांगत : उंबऱ्याच्या आत फक्त रशियन. शिंक आली तरी माफी रशियनमध्येच मागायची.

सोव्हिएत देश मोडला आणि पुढच्या जूनमध्ये वर्गात त्रिवेणी एकटीच उरली. तीही गेली तर वर्ग बंद, असं संस्थेनं कळवलं होतं. शेजारच्या खोलीत पुण्याहून आलेल्या मेधाबाईंचा जर्मनचा वर्ग मात्र दारापर्यंत भरलेला.

मूळ : मुका. ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही, तो मुका. पोलिश, चेक, सर्बियन, सगळीकडे थोड्याफार फरकानं हाच शब्द.

त्या संध्याकाळी त्रिवेणी दारातच थांबली.

"ये आत," हणमंतराव रशियनमध्ये म्हणाले.

"नक्को सर," ती मराठीत म्हणाली. "आत आले तर रशियनमध्ये सांगावं लागेल. तेवढं येत नाही मला."

हणमंतराव उठून बाहेर आले. वर्गाच्या वेळेत ते कधी मराठी बोलत नसत. आता बोलले.

"जर्मन?"

"हौ. मामा म्हणतो, बाहेरच्या कंपन्या यायलेत, रशियनचं काय लोणचं घालतीस का?" ती ओढणीचं टोक पिळत राहिली. "रागावलात का सर?"

"नाही."

खरंच राग नव्हता. दुःखही नव्हतं. दात काढायच्या आधी सुई दिली की गाल जसा आपला राहत नाही, तसं काहीतरी होतं.

प्रवास : तुर्कांच्या तोंडून अरबांकडे. ऑस्ट्रियाला अरब आजही नमसा म्हणतात.

"तुम्हीच म्हणाले होते ना सर, जर्मन मुके नव्हते, रशियनांनाच त्यांचं कळत नव्हतं?"

"म्हणालो होतो."

एवढ्यात मेधाबाई बाहेर डोकावल्या. "हणमंतराव, एखादा बाक मिळेल का हो? मुलं उभी आहेत."

"एक कशाला? सगळेच न्या."

"अन् तुमचा वर्ग?"

"संपला."

पहिल्या बाकाची एक बाजू हणमंतरावांनी धरली, दुसरी त्रिवेणीनं.

"तिरपा करा सर, अडकायलाय."

त्यांनी तिरपा केला. बाक जर्मनच्या वर्गात मागच्या भिंतीला लागला. त्रिवेणी त्यावर बसली, लगेच आणखी दोघी येऊन तिच्याशेजारी दाटीवाटीनं टेकल्या. हणमंतराव दुसरा बाक आणायला वळले.