अंगाकडून सुलटा

कलाबाईने लेकीचा शाळेचा फ्रॉक मशीनवरच टाकला. कॉलर निम्मी उसवलेली, कडेला दातांच्या खुणा.

"तिसरी बारी हाय, शेषरावभाऊ. भर वर्गात अंगातून काढून फेकला पोट्टीनं."

शेषराव शिंप्याने फ्रॉक उलटून पालटून पाहिला. जानेफळात तीस वर्षं मशीन चालवली, पण त्याच्या कॉलरला आजवर कोणी दात लावले नव्हते. त्याला मुलीच्या आधी कॉलरचं वाईट वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

"मास्तर काय म्हणते?"

"सोमवारी डिप्टी साहेब तपासणीले येऊन राह्यले. गणवेशात आणा, नाही तं हजेरीतून नाव काढतो म्हणते. त्याहीचंबी खरं हाय, चाळीस पोट्टे हायेत." कलाबाईने उसवलेली कॉलर हाताने सरळ केली. "पाढे सुरू झाले का कानावर हात ठेवून पळते. घरी दोन गोधड्या अंगावर घेतल्याबिगर झोपत नाही, उन्हाळ्यातबी. पण लिवते ना भाऊ! म्या अंगठा लावते, थे सही करते. तिची शाळा सुटू नये, बस."

नव्या कपड्याला खळ आणि कडक इस्त्री केल्याशिवाय शेषराव तो गिऱ्हाइकाच्या हाती देत नसे. पहिल्यांदा फ्रॉक परत आला तेव्हा त्याने आतून अस्तर लावलं. दुसऱ्यांदा खळ आणखी दाट केली. कपड्यात ऐट कमी पडली म्हणून पोरीला आवडत नसेल, असं त्याला वाटलं. शिंप्याला दुसरं काय सुचणार!

"अन्नपूर्णा कुठी हाय? तुह्यासंगच आली होती ना?" शेषरावने विचारलं.

दोघांनी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात गिऱ्हाइकांच्या शिवून ठेवलेल्या गोधड्यांचा ढीग होता. त्याखालून दोन धुळीचे पाय दिसत होते.

कलाबाई ओरडणार, तेवढ्यात शेषरावने हाताने तिला थांबवलं. हळूच गोधडीचा कोपरा उचलला. सात वर्षांची अन्नपूर्णा एवढ्या वजनाखाली अगदी निवांत पडली होती. चिंध्यांच्या गाठोड्यातला जुन्या धोतराचा तुकडा तिने गालाला लावला होता.

"हे चांगलं हाय?" त्याने विचारलं.

तिने मान डोलावली.

"आन् फ्रॉक?"

"थो चावते."

हा शब्द शेषरावने ऐकलेला होता. त्याचा मुलगा सहदेव हिच्याएवढाच असताना दर दिवाळीला नव्या सदऱ्यात रडायचा, "बाबा, चावते" म्हणायचा. शिंप्याचा पोरगा उघडा फिरला तर गाव काय म्हणेल, म्हणून शेषरावने त्याला मारून मारून सदरे घातले. आता सहदेव खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. दिवाळीला यायचा, पण विटका सदरा घालून. बापाने शिवलेलं कापड त्याने पुन्हा अंगाला लावलं नाही. लेक शेफारला, असं शेषराव चारचौघांत सांगत आला होता.

त्या दिवशी त्याने स्वतःचं शंभरदा धुतलेलं धोतर फाडलं आणि त्याचा गणवेशासारखाच पांढरा फ्रॉक बेतला. खळ नाही, कॉलर नाही. आणि सगळ्या शिवणी बाहेर. ज्याची शिवण दिसली तो शिंपी नव्हे, ही त्याच्या वडिलांची शिकवण. कात्री चालवताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं.

मग तो वामनराव मास्तरांकडे गेला. "गुरुजी, पाढ्याच्या टायमाले तिले माठात पाणी भराले धाडत जा. आन् दाराजवळ बसवा."

"आता शाळाबी तुम्हीच शिवता का, शेषराव?" मास्तर म्हणाले. पण सोमवारी अन्नपूर्णा दाराजवळ बसलेली होती.

तपासणीच्या टेबलावरचं कापड पोचवायच्या निमित्ताने शेषरावही दाराशी उभा राहिला. डिप्टी साहेब फिरत फिरत तिच्यापाशी थांबले.

"हिने फ्रॉक उलटा घातलाय."

वर्ग खदखदून हसला. अन्नपूर्णाचे हात कानांवर गेले, ती उठली. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला.

शेषरावने तिला धरलं नाही. हातातलं जाड, घडी केलेलं कापड त्याने तिच्या खांद्यांवर अलगद ठेवलं आणि मोठ्याने म्हणाला, "उलटा नाही, साहेब. म्या शिवला. तिच्या अंगाकडून सुलटा हाय."

हसणं थांबलं. अन्नपूर्णाचा पाय उंबऱ्याच्या आत आला. गावातला सर्वांत चोख शिंपी आपली उघडी शिवण सर्वांसमोर कबूल करत होता. साहेबांनी फ्रॉककडे पाहिलं, मग मुलीकडे. आणि खडू पुढे केला.

"बाराचा पाढा येतो?"

"म्हणत नाही," ती म्हणाली. "लिवते."

तिने फळ्यावर पाढा लिहिला, एकशे वीसपर्यंत. तिचं नाव हजेरीवर राहिलं.

दिवस मावळायच्या आत शेषराव घरी आला. दुसरं जुनं धोतर काढलं आणि मापांची वही उघडली. सहदेवचं माप सापडलं, पण ते सात वर्षांच्या पोराचं होतं. पुढची पानं त्याने शेवटपर्यंत चाळली. गावातल्या सगळ्यांची मापं होती.

"काय धुंडून राह्यले?" बायकोने, विमलबाईने, विचारलं.

"सहदेवचा खांदा केवढा असंन आता?"

तिने दोन्ही हात पुढे करून हवेत लेकाचे खांदे दाखवले. शेषरावने टेप काढला आणि त्या दोन हातांमध्ये धरला.