जुना हार्डनर

गनमास्तरने खिडकीची चौकट उजेडाकडे तिरकी धरली आणि तिच्यावरची बारीक भोकं नखाने मोजायला सुरुवात केली. सातपर्यंत मोजून त्याने चौकट खाली ठेवली. ठेवली कसली, आपटलीच. नव्या पावडरचा हा चौथा दिवस होता, आणि आजही भट्टीतून निघालेला माल टाचणीने टोचल्यासारखा दिसत होता.

या कारखान्यात फाटकं, कठडे, खिडक्या असा उन्हापावसात उभा राहणारा माल रंगत असे. रंगाची पावडर गनने फवारायची आणि भट्टीत भाजायची. भट्टीत ती वितळते, आणि तिच्यातच मिसळलेला हार्डनर तिला असा बांधून टाकतो की पुढची कित्येक वर्षं उन्हाची तिच्यापुढे मात्रा चालत नाही. सगळी करामत त्या चिमूटभर हार्डनरची, पण मान गनवाल्याला. एकोणीस वर्षं गन त्याच्या हातात होती आणि खरं नाव मागे पडून तो सगळ्यांचा गनमास्तर झाला होता. त्याचा हात जाड. दुसरा एक थर देई तिथे हा दीड देणार, आणि त्याचीच त्याला घमेंड. जुन्या पावडरमधला हार्डनर ते निमूट सोसत असे. नवा काही सोसेना.

त्याने साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ एवढंच ऐकवलं. पण चार दिवसांचा माल परत खरवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी पावडर कंपनीच्या तंत्रज्ञ बाईंना बोलावून घेतलं.

बाई पन्नाशीच्या, चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चौकटीवर मीटर टेकवून थराची जाडी पाहिली. नवा हार्डनर बांधायला लागला की थोडी वाफ सोडतो, त्यांनी समजावलं. थर पातळ असेल तर वाफ सहज निघून जाते, जाड असेल तर भोक पाडून निघते.

“हात हलका करा, मास्तर.”

मागे कोणीतरी हसलं. गनमास्तरच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“जुन्याने कधी भोक पाडलं नाही,” तो म्हणाला. “त्यात काय वाईट होतं, ते तरी सांगा.”

बाई कोपऱ्यात गेल्या. जुन्या पावडरचे उरलेले खोके तिथे परत पाठवायला रचले होते. एक खोका त्यांनी टेबलावर आणून ठेवला. त्यावर धोक्याची खूण म्हणून छातीत चांदणी फुटलेल्या माणसाचं चित्र होतं. ते सगळ्यांच्या ओळखीचं होतं. त्याला कारखान्यात ‘फटाकेवाला’ म्हणत, आणि कोणी फार खोकायला लागला की ‘याचा फटाकेवाला झाला’ म्हणून खिदळत. आता बाई शांतपणे सांगू लागल्या की जनावरांवरच्या चाचण्यांत या हार्डनरने नरांच्या बीजालाच इजा केली होती. माणसांत तसं होतंच असं कोणी खात्रीने म्हणत नाही, पण नुसत्या संशयात तरी माणसांना का उभं करायचं? म्हणून तो बंद.

“मास्क लावत होता ना सगळे?”

मास्क कपाटात होते, कोरे करकरीत. ‘तोंड बांधून काय हात चालतो?’ हे कारखान्याचं ब्रह्मवाक्य, आणि ते गनमास्तरचंच. जेवणाच्या सुट्टीत अंगावरची पावडर हवेच्या नळीने उडवायची रीतही त्याचीच. उडालेली पावडर नाकातोंडात जाई आणि सगळे रंगीत शिंका देत डबे उघडत.

दहा वर्षांहून जास्त काम केलेल्यांना बाईंनी तब्येतीचा एकेक फॉर्म दिला. घरून भरून आणायचा, उद्या कंपनीच्या नर्सकडे द्यायचा.

दुपारभर गन चालवताना गनमास्तरचं लक्ष गनवर नव्हतं, हात आपोआप सैल पडला होता, आणि शेवटच्या वीस चौकटी आरशासारख्या निघाल्या. साहेबांनी पाठ थोपटली. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. बायकोच्या तपासण्या पहिल्या दोन वर्षांतच सुरू झाल्या. सुया झाल्या, फोटो झाले, पोटात दुर्बीण घालून झाली. ती बिचारी रजा काढून एकटीच जायची आणि एकटीच यायची, कारण मास्तरला गन सोडवत नव्हती. तिच्यात काही निघालं नाही. मग डॉक्टरांनी त्याच्या तपासणीची एक चिठ्ठी लिहून दिली. ती त्याने दवाखान्याच्या पायऱ्यांवरच फाडली होती. माझ्यात काय दोष असणार, असं तो म्हणालाही होता, जिना चढणाऱ्या चार माणसांदेखत. तेव्हापासून घरात दोष कोणाचा हा प्रश्न उरलाच नाही. आईने दोष सुनेच्या पदरात टाकला आणि त्याने टाकू दिला. रोज थोडा थोडा. बारा वर्षं.

घरी जाताना त्याला लाज वाटत होती. इतकी, की ओळखीचा दुकानदार हाक मारत असताना तो मान खाली घालून पुढे गेला. आज सांगून टाकायचं, त्याने ठरवलं. आईसमोरच सांगायचं. ‘कदाचित माझ्यामुळे असेल,’ एवढं एकच वाक्य तर म्हणायचं होतं. ते त्याने कोपऱ्यापासून दारापर्यंत मनात चार वेळा म्हणून पाहिलं.

आई खुर्चीत बसून मटार सोलत होती. शेजारणीला दुसरा नातू झाला होता.

“कोणाच्या घरात दोन-दोन,” आई म्हणाली, “आणि आमच्या घरात उंबरठासुद्धा झिजत नाही. खडकावर पेरलं की असंच व्हायचं.”

बायकोने पाण्याचा पेला त्याच्यापुढे धरला. तिने ऐकलंय असं तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. गनमास्तरने तोंड उघडलं, आणि तो नुसतं पाणी प्यायला.

जेवणं झाल्यावर आई उरलेले मटार सोलायला बसली, तेव्हा त्याने फॉर्म बायकोपुढे सरकवला. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. घरातलं सगळं लिहिणं तिच्याकडे असे, बँकेचं असो की भाडेकराराचं. ती चष्मा लावून बसली. आधी वरचा, जुन्या हार्डनरबद्दलचा मजकूर तिने मनात वाचला. वाचून पुन्हा पहिल्या ओळीवर गेली, पुन्हा वाचला. मग प्रश्न मोठ्याने वाचायला लागली. वय, वजन, किती वर्षं काम, खोकला आहे का, अंगावर पुरळ येतं का. तो उत्तरं देत होता, ती भरत होती. अकराव्या प्रश्नाशी ती थांबली.

“मूल होण्यात अडचण आली आहे का?” तिने सावकाश वाचलं. “असल्यास, कामगाराची स्वतःची तपासणी झाली आहे का? निष्कर्ष लिहा.”

आईचे हात मटारावर थबकले.

“काय लिहू?” बायकोने विचारलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, कागदाकडे पाहत होती.

“झाली म्हणून लिही. सगळं ठीक आहे म्हणावं.”

“कधी झाली?”

“लिही गं तू. उगाच फाटे फोडू नकोस.”

तिने मान हलवली आणि लिहायला लागली. एवढ्याशा उत्तराला तिला बराच वेळ लागला. आई पुन्हा मटार सोलू लागली. बायकोने कागद फिरवून त्याच्यापुढे ठेवला आणि सही कुठे करायची तिथे बोट टेकवलं. तिने लिहिलेलं त्याने आजवर कधी वाचलं नव्हतं. त्याने सही केली.

सकाळी नर्सच्या खोलीबाहेर सातजण उभे होते. त्याची पाळी आली. नर्सने फॉर्म वरून खाली वाचला, खालून पुन्हा मध्यावर आली, आणि उठून तिने दार लावून घेतलं.

“अकरावं उत्तर तुम्ही दिलंय?”

“हो. सगळं ठीक आहे,” तो म्हणाला.

नर्सने कागद त्याच्याकडे वळवला. गोल, टपोरं अक्षर होतं, कुठेही खाडाखोड नव्हती.

‘हो, चौदा वर्षं. माझी तपासणी झालेली नाही. डॉक्टरांनी बारा वर्षांपूर्वी लिहून दिली होती, मी केली नाही. पत्नीच्या सर्व तपासण्या झाल्या. तिच्यात दोष नाही. हे मी घरात कधी बोललो नाही.’

त्याने ते दोनदा वाचलं. दाराबाहेर कोणीतरी, मास्तरला आत इतका वेळ का लागतोय, असं विचारत होतं.

“खाली सही तुमचीच ना?” नर्सने विचारलं.

“हो,” गनमास्तर म्हणाला. “माझीच.”