अंधारखोलीतली ज्वारी

१९७४च्या नवरात्रात सोलापुरातल्या एका कॉलेजात वच्छला नावाची लेक्चरर सगळ्या जगावर दात-ओठ खात होती. वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख हिंदुराव यांनी तिला बजावलं होतं, "दसऱ्यापर्यंत अंधारखोली तुमची. मग किल्ली माझ्याकडं. ज्वारी उगवायला आमच्याकडं रानं काय कमी हायत?"

त्या खोलीत मंगळवेढ्याच्या ज्वारीचे तीन ट्रे होते. मिट्ट काळोखात उगवलेलं रोप पिवळंच राहतं. पानातल्या हरितकणांचं प्रथिनं घडवण्याचं काम थंडावलेलं असतं. उजेड पडला की तेच काम धडाक्यात सुरू होतं. कोणत्या तासाला किती, हे वच्छलाला मोजायचं होतं. म्हणून पहिला उजेड तिच्याच हातून पडायला हवा होता. आधीच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. ही गेली की पीएच.डी. बुडालीच.

पेरणीच्या दिवशी झाडूवाली नागव्वा दारात थबकली. "बाई, हे काय वो? घट बसवलाय व्हय?"

वच्छलाच्या कपाळाला आठी पडली. अक्कलकोटकडच्या या म्हातारीपुढं कोण डोकं फोडणार? "हो, घटच समज. जा आता!" असं खेकसून तिनं दार लावून घेतलं. नवव्या दिवसापर्यंत ते उघडायचंच नव्हतं.

नवव्या दिवशी हिंदुरावांना साक्षीला घेऊन तिनं दार उघडलं. आधी तेलाचा वास आला. रोपं पोपटी झाली होती आणि सगळी एकाच कोपऱ्याकडं झुकली होती. त्या कोपऱ्यात पणती तेवत होती.

"कुणी केलं हे?" ती किंचाळली.

नागव्वा धावत आली. तिच्याकडं झाडलोटीच्या किल्ल्यांचा जुडगा होता. "म्या लावली. घटाला नंदादीप नगं? तुमी इसरला व्हता. घरचं तेल घातलं, एक दिस इझू दिली न्हाय."

"थेरडे, वाटोळं केलंस माझं! अक्कल गहाण टाकलीस?"

नागव्वाचा चेहरा पडला, पण मान खाली गेली नाही. "म्या इचारलं व्हतं की. तुमीच म्हनला, घटच समज."

हिंदुराव खो खो हसले आणि त्यांनी किल्लीसाठी हात पुढं केला. वच्छलाला त्यांचा गळा दाबावासा वाटला, नागव्वाचाही. पण ते शब्द वच्छलाचेच होते. तिनं किल्ली त्यांच्या हातावर आदळली.

नागव्वा वाकून पणतीत तेल घालू लागली. दसरा उद्या होता.